चुन्याची निवळी शिळी का होते?

पानाच्या गादीवरचा चुना तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घालून ती दुधासारखी पांढरी झालेलीही पाहिली असेल. परंतु समुद्रातील जिवंत प्रवाळ काचेच्या टाकीत सांभाळणारे लोक त्या टाकीत रोज हीच निवळी थेंबथेंब सोडतात, हे तुम्हाला ठाऊक आहे काय? जर्मन भाषेत निवळीला 'काल्कवासर' म्हणतात, आणि जगभरचे मत्स्यालयवाले तिला याच नावाने ओळखतात. १९७० नंतरच्या दशकात पीटर विल्केन्स या तज्ज्ञाने जर्मन भाषेत लिहून हा उपाय लोकप्रिय केला, म्हणून ते नाव रूढ झाले.

निवळी तयार करणे अगदी सोपे आहे. ती टिकवणे मात्र तितके सोपे नाही, असे पुष्कळांना वाटते. 'निवळी दोन दिवसांत खराब होते, रोज ताजीच करावी लागते' असे तुम्ही ऐकले असेल. हे कितपत खरे आहे? थोडे गणित आणि दोन-तीन साधे प्रयोग करून आपणच त्याचा निकाल लावू या.

प्रवाळाला चुना कशाला?

प्रवाळ दिसतो झाडासारखा किंवा दगडासारखा, पण तो प्राणी आहे. समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेऊन तो कॅल्शियम कार्बोनेटचा कठीण सांगाडा बनवतो. आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही प्रवाळ आहेत. मालवणजवळ सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील समुद्रात ते आढळतात. १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०० किलोमीटर आत, समुद्राच्या पोटात एक उंचवटा आहे. त्याला 'आंग्रे बँक' म्हणतात. तेथेही प्रवाळांची मोठी वस्ती आहे.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. प्रवाळ त्यातील कितीही घेवोत, समुद्र एवढा अफाट आहे आणि नद्या त्यात एवढी भर घालत असतात की फरक जाणवत नाही. टाकीची गोष्ट वेगळी. १०० लिटर पाण्याच्या टाकीत कॅल्शियम किती? ४२ ग्रॅम, म्हणजे मूठभरसुद्धा नाही. वाढणारे प्रवाळ त्यातून रोज थोडे थोडे उचलतात. भर घातली नाही तर काही आठवड्यांत त्यांची वाढ खुंटते.

मग कॅल्शियमचा कोणताही क्षार टाकला तर चालणार नाही का? पूर्णपणे नाही. प्रवाळाला कॅल्शियमबरोबर बायकार्बोनेटही लागते, आणि तेही ठरावीक प्रमाणात. निवळीतील कॅल्शियम हायड्रॉक्साइड टाकीच्या पाण्यातील कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावते. त्यातून कॅल्शियम आणि बायकार्बोनेट ही दोन्ही मिळतात, आणि तीही नेमकी प्रवाळाला हवी त्याच प्रमाणात. शिवाय मागे दुसरा कोणताही क्षार उरत नाही. निवळीची खरी खुबी हीच.

शिंपल्यापासून निवळीपर्यंत

आपल्या पनवेलच्या आसपासचे डोंगर काळ्या पाषाणाचे, म्हणजे बेसॉल्टचे आहेत. कर्नाळ्याचा सुळका पाहा. तो सारा लाव्हारसाचा खडक. महाराष्ट्रात चुनखडक आहे तो दूर यवतमाळ, चंद्रपूरकडे. मग कोकणात जुने वाडे आणि किल्ले बांधायला चुना कुठून आला? समुद्राने आणि खाडीने तो दिला. शिंपले गोळा करून भट्टीत भाजत आणि त्यांचा चुना करीत. तिसऱ्यांचे कवच आणि प्रवाळाचा सांगाडा यांत रासायनिक दृष्ट्या फरक नाही. दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच!

१०० ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापवले की ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि ५६ ग्रॅम कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी टाकले की तो सूं सूं आवाज करीत फुलतो, पाणी उकळू लागते, आणि विरवलेला चुना तयार होतो. हेच कॅल्शियम हायड्रॉक्साइड. ते पाण्यात ढवळून स्थिर ठेवले की जड भाग तळाशी बसतो आणि वर स्वच्छ पाणी राहते. ते पाणी म्हणजे चुन्याची निवळी. नाव किती समर्पक आहे पाहा, निवळून येते ती निवळी!

आता एक गोष्ट ध्यानात ठेवा. भट्टीत गमावलेला कार्बन डायऑक्साइड परत मिळवण्याची चुन्याला सतत ओढ असते. भिंतीतील चुना वर्षानुवर्षे हवेतून हा वायू घेऊन दगडासारखा घट्ट होतो. बाटलीतील निवळीही तेच करू पाहते. अठराव्या शतकाच्या मध्याला स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने निवळीच्या याच गुणाचा उपयोग करून, आपल्या उच्छ्वासात हा वायू असतो हे दाखवून दिले. तुम्ही शाळेत करता तो प्रयोग इतका जुना आहे.

आधी सावधगिरी

प्रयोगाकडे वळण्यापूर्वी हे नीट वाचा. निवळी पाण्यासारखी दिसते, पण तिचा पीएच सुमारे १२.४ असतो. ती तीव्र अल्कली आहे. चुना डोळ्यांत गेला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. पानाच्या चुन्याची प्लॅस्टिकची पुडी दाबताना फुटून चुना डोळ्यांत उडाल्याने लहान मुलांची दृष्टी गेल्याची उदाहरणे नेत्रतज्ज्ञांनी नोंदवली आहेत. म्हणून चुन्याच्या पुड्यांशी खेळू नका आणि धाकट्या भावंडांनाही खेळू देऊ नका. असे घडलेच तर एक क्षणही न दवडता पापण्या उघड्या धरून डोळा स्वच्छ वाहत्या पाण्याने निदान २० मिनिटे धुवा, चुन्याचे कण पाण्याने काढून टाका, आणि ताबडतोब डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. लिंबाचा रस, दूध, तूप यांपैकी काहीही डोळ्यांत घालू नका.

कळीचा चुना स्वतः विरवू नका. तयार विरवलेला चुनाच घ्या. प्रयोग करताना चष्मा लावा आणि शिक्षकांना किंवा घरातील मोठ्या माणसांना जवळ बसवा.

निवळी अशी करा

पाणी उकळून, झाकून थंड करा. उकळल्यामुळे पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा विरवलेला चुना टाका, झाकण घट्ट लावून हलवा आणि रात्रभर स्थिर ठेवा. तळाशी पांढरा साका बसेल. यापेक्षा जास्त चुना टाकून निवळी अधिक कडक होत नाही, कारण साधारण ३० अंश तापमानाला एक लिटर पाण्यात अवघा दीड ग्रॅम चुनाच विरघळतो. बाकीचा तळाशी राहतो. अशा द्रावणाला संपृक्त द्रावण म्हणतात.

शाळेतील प्रयोगांना पानाचा चुना चालतो. प्रवाळाच्या टाकीसाठी मात्र शुद्ध चुना लागतो, कारण त्यातील इतर धातूंचे अंश प्रवाळांना बाधतात.

आता गंमत पाहा. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. चुना याच्या अगदी उलट वागतो. २० अंशाला एका लिटरमध्ये सुमारे १.७ ग्रॅम चुना विरघळतो, तर १०० अंशाला जेमतेम ०.७ ग्रॅम! विरघळताना चुना उष्णता बाहेर टाकतो, त्यामुळे बाहेरून उष्णता दिली की ही क्रिया मागे फिरते. स्वच्छ निवळीने अर्धी भरलेली परीक्षानळी उकळत्या पाण्याच्या भांड्यात उभी करा. थोड्या वेळाने निवळी गढूळ होईल. ही गढूळता कार्बन डायऑक्साइडमुळे आलेली नाही. नळी थंड करून मधून मधून हलवली की चुना सावकाश पुन्हा विरघळतो. फुंकर घालून पांढरी केलेली निवळी मात्र थंड केली तरी स्वच्छ होत नाही, कारण तेथे कॅल्शियम कार्बोनेट तयार झालेले असते, आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणजे निवळीची बाटली उन्हात ठेवल्याने ती गढूळली, तर ती 'मेली' असे समजून फेकून देऊ नका. सावलीत ठेवा, हलवा आणि वाट पाहा.

बाटलीतले गणित

आता मुख्य प्रश्न. एक लिटर निवळी पूर्ण निकामी करायला किती कार्बन डायऑक्साइड लागेल?

कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे ७४ ग्रॅम आणि कार्बन डायऑक्साइडचे ४४ ग्रॅम यांचा संयोग होतो. म्हणून दीड ग्रॅम चुन्याला लागेल सुमारे ०.९ ग्रॅम वायू. आपल्याकडील तापमानाला त्याचे आकारमान भरते जवळजवळ अर्धा लिटर.

उच्छ्वासात हा वायू सुमारे ४ टक्के असतो. म्हणजे अर्धा लिटर वायू मिळवायला १२-१३ लिटर उच्छ्वास पुरे. साध्या श्वासात आपण साधारण अर्धा लिटर हवा सोडतो. तेव्हा सगळा वायू शोषला गेला असे मानले तर पंचवीसेक श्वासांत एक लिटर निवळी संपेल!

परंतु साध्या हवेत हा वायू फारच कमी असतो. १९५८ साली हवाई बेटावरील मौना लोआ येथे मोजणी सुरू झाली तेव्हा तो ०.०३१५ टक्के होता. आज तो ०.०४२ टक्क्यांच्या पुढे गेला आहे. ०.०४२ धरला तरी अर्धा लिटर वायू मिळायला सुमारे १,२०० लिटर हवा लागेल. म्हणजे एक घनमीटरहून अधिक!

आता अर्धी रिकामी झालेली एक लिटरची बाटली घ्या. तिच्यात अर्धा लिटर निवळी आणि वर अर्धा लिटर हवा आहे. या हवेत कार्बन डायऑक्साइड किती? ०.२ मिलिलिटर. आणि उरलेली अर्धा लिटर निवळी मारायला लागतो २५० मिलिलिटर. म्हणजे बाटलीतील सगळा वायू निवळीने शोषला तरी तिचा सुमारे बाराशेवा भाग खर्ची पडेल. रोज एकदा बूच काढून आतली हवा पूर्ण बदलली, असे महिनाभर केले, तरी जेमतेम अडीच टक्के चुना जाईल.

निष्कर्ष काय निघाला? बाटलीतील रिकाम्या जागेची भीती नाही. उघड्या तोंडाची आहे! उघड्या घमेल्यातील निवळीवर काही तासांतच पातळ साय धरते, कारण खोलीतील हजारो लिटर हवा तिच्यावरून सतत जात असते. बूच घट्ट असेल तर तीच निवळी महिनोन्‌महिने टिकते. 'निवळी दोन दिवसांत खराब होते' हे उघड्या भांड्यापुरते खरे आहे, बंद बाटलीला ते लागू नाही.

काही जण निवळी ढवळण्यासाठी तिच्यात मत्स्यालयाच्या पंपाने हवेचे बुडबुडे सोडतात. पंप मिनिटाला २ लिटर हवा देत असेल तर १,२०० लिटर हवा किती वेळात जाईल? ६०० मिनिटांत, म्हणजे १० तासांत. रात्री पंप लावला की सकाळपर्यंत एका लिटरचा बराचसा चुना पांढरा गाळ होऊन तळाशी बसलेला असेल.

साठवण्याचे नियम

हे गणित कळले की नियम पाठ करावे लागत नाहीत. बाटली जाड प्लॅस्टिकची, आट्याच्या घट्ट झाकणाची असावी. काचेची बाटली घेतली तर तिला घासलेल्या काचेचे बूच नको. अल्कलीमुळे ते जागच्या जागी चिकटून बसते. रबराचे बूच लावा. ॲल्युमिनियमचे भांडे अजिबात नको. निवळी ॲल्युमिनियम खाते आणि हायड्रोजन वायू सुटतो.

तळाचा साका काढून टाकू नका. थोडा चुना हवेने खाल्ला तर साक्यातील चुना विरघळून त्याची जागा घेतो, आणि निवळी संपृक्तच राहते. वापरताना मात्र वरची स्वच्छ निवळी तेवढी घ्या. ती नळीने तोंडाने ओढून कधीही काढू नका. आणि बाटलीवर ठळक अक्षरांत 'चुन्याची निवळी – पिऊ नये' अशी चिठ्ठी लावून ती लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर निवळी कधीच भरू नका.

जिवंत की मेलेली?

खूप दिवस ठेवलेली निवळी चांगली आहे की नाही, हे कसे ओळखावे? हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर तिचा थेंब टाका. कागद लाल झाला तर निवळीत चुना आहे. पूर्वी हळद आणि चुना यांपासूनच कुंकू करीत, त्यामागील रसायन हेच. पण हळद फक्त 'आहे' किंवा 'नाही' एवढेच सांगते. निम्मी ताकद गेलेली निवळीही तिला लालच करते.

ताकद मोजायची तर विजेची मदत घ्या. चुना विरघळला की त्याचे विद्युतभारित आयन होतात आणि पाणी वीज वाहून नेते. कॅल्शियम कार्बोनेट मात्र शंभरपटीने कमी विरघळते, म्हणून मेलेली निवळी वीज फारच थोडी वाहते. कार्बनच्या दोन कांड्या थर्माकोलच्या तुकड्यात २ सेंटिमीटर अंतरावर खोचा. ३ व्होल्टची बॅटरी आणि मिलिॲम्पिअरमापक जोडून कांड्या निवळीत बुडवा. काट्यावरील आकडा लगेच लिहून घ्या, कारण कांड्यांवर बुडबुडे जमले की तो घसरू लागतो. आधी ताजी निवळी, मग तिच्यात तेवढेच ऊर्ध्वपातित पाणी मिसळून केलेली निम्म्या ताकदीची निवळी, आणि शेवटी जुनी निवळी, अशी तीन मापे घ्या. कांड्यांची खोली आणि द्रावणांचे तापमान तिन्ही वेळा सारखे ठेवा. जुनीचा आकडा ताजीच्या जवळ आला की निम्मीच्या, यावरून तिची ताकद कळेल.

थेंबे थेंबे

निवळी टाकीत एकदम ओतली तर काय होईल? समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ च्या आसपास असतो. १२.४ पीएचची निवळी एका जागी पडली की तेथे पांढरा गाळ धरतो आणि जवळच्या जिवांना इजा होते. म्हणून शंकराच्या पिंडीवरील अभिषेकपात्रासारखी ती थेंबथेंब सोडतात. टाकीतून रोज जेवढे पाणी बाफ होऊन उडते, तेवढीच निवळी घालतात. पाणी उडाले तरी मीठ टाकीतच राहते, त्यामुळे खारटपणा बिघडत नाही.

समजा, १०० लिटरच्या टाकीतून रोज एक लिटर पाणी उडते. एक लिटर निवळीत सुमारे ८०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. म्हणजे टाकीच्या प्रत्येक लिटरला रोज ८ मिलिग्रॅम मिळते. हे लिटर रात्रीच्या १० तासांत सोडायचे आणि २० थेंबांचा एक मिलिलिटर धरायचा, तर दर दोन सेकंदांना साधारण एक थेंब पडला पाहिजे. रात्रच का? प्रवाळांच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवाले दिवसा कार्बन डायऑक्साइड वापरून टाकतात. रात्री तो पाण्यात साचतो आणि पीएच उतरतो. निवळीला त्या वेळी हा वायू भरपूर मिळतो आणि पीएचही सावरला जातो.

बाटलीत जो वायू निवळीचा नाश करतो, तोच वायू टाकीत तिच्यापासून बायकार्बोनेट घडवतो, हे तुमच्या लक्षात आले का? वायू थोडा असला की कार्बोनेटचा गाळ बनतो; भरपूर असला की पुढे जाऊन विद्राव्य बायकार्बोनेट बनते. एक भाग निवळीत तीन भाग पाणी मिसळा आणि तिच्यातून शुद्ध कार्बन डायऑक्साइड बराच वेळ सोडा. आधी दुधाळ झालेले पाणी पुन्हा स्वच्छ झालेले दिसेल.

हे वाचून कोणाला समुद्रावर जाऊन प्रवाळाचा तुकडा आणावासा वाटेल. तसे करू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ सालापासून सर्व कठीण प्रवाळांना वाघासारखेच पहिल्या अनुसूचीतील संरक्षण दिले आहे. ते तोडणे, बाळगणे वा विकणे हा गुन्हा आहे. आणि आपण केलेले गणितही तेच सांगते. समुद्र जे काम कोणाला न सांगता करतो, ते १०० लिटरच्या टाकीत करायला दर दोन सेकंदांना एक थेंब मोजत बसावे लागते. तेव्हा प्रवाळ समुद्रातच राहू द्या.

निवळी मात्र जरूर करा. एक बाटली घट्ट बुचाची आणि एक वाटी उघडी, अशा दोन ठेवा. आठ दिवसांनी दोन्हींत कार्बनच्या कांड्या बुडवा, आणि मिलिॲम्पिअरमापकाचा काटा काय सांगतो ते वहीत लिहून ठेवा.